अर्धा ह

आमच्या गावात गवत टिकायचं नाही.
नेब्रास्काचा तो कोपरा: धान्याची उंच कोठारं, रेल्वेचा एक फाटा,
आणि गुरांच्या कुरणातून कशीबशी काढलेली नऊ भोकं.
ग्रीन म्हणायचं, पण ती काळी.
वाळू, वर मोटारीचं जळकं तेल,
वाऱ्यानं सगळं शेजारच्या परगण्यात जाऊ नये म्हणून.
पट मारण्याआधी जुन्या गालिच्याचा तुकडा दोरीनं ओढत
चेंडूपासून भोकापर्यंत वाट सारवून घ्यायची.
ते काम माझं. एका फेरीचे दहा सेंट.

एमिल ह्लावाच त्या वाळूवर वाढला.
आडनाव चेक. त्यातला पहिला ह कुणालाच जमायचा नाही,
पाद्र्यालासुद्धा.
त्याची आई म्हणायची, तो म्हणायचा नसतो रे,
गारठल्या बोटांवर वाफ सोडतो ना, तसा सोडायचा.

शरदात तो शाळेची बस चालवायचा.
जानेवारी लागला की लुड्मिला, इस्त्रीची फळी आणि बॅग
गाडीत कोंबून टेक्ससच्या वाटेला.
अकरा वर्षं.
सव्विसावा. एकेचाळिसावा. शुक्रवारीच घरी.
एकदा तिसरा आला, तर गाडीला दोन टायर.

ती मोठी स्पर्धा त्या साली पूर्वेकडे होती,
जुन्या पैशांच्या क्लबात, जिथे खेळाडूंनी
स्वयंपाकघराच्या दारानं आत यायचं.
शेवटच्या दिवशी पहाटेपासून पाऊस.
मखमलीची ग्रीन फुगली, जड झाली.
नावाजलेल्यांचे पट वीतभर अलीकडे थांबू लागले,
आणि ते आपल्याच पटरकडे बघू लागले
नोकरानं चोरी केल्यासारखे.
एमिलला ही चाल पाठ होती.
ओलं गवत म्हणजे तेल प्यालेली वाळूच की.
छातीठोक मारायचं. मान वर करायची नाही.

आम्ही कोठाराच्या हापिसात रेडिओभोवती.
निवेदकानं त्याचं नाव तीन तऱ्हांनी घेऊन पाहिलं,
शेवटी हात टेकले: 'नेब्रास्काचा माणूस'.

चांदीच्या कपावर कोरणाऱ्यानं ऐकलं तसं कोरलं.
लावाच.

पत्र लिही, लुड्मिला म्हणाली.
वर्षानं परतच द्यायचाय, तो म्हणाला.
वर्षभर कप बँकेच्या खिडकीत, मक्याच्या कणसांशेजारी;
रविवारी घरी यायचा,
तेव्हा लुड्मिला त्यात खसखशीचे कोलाचे रचायची.
मी त्यातले चार खाल्लेत. पाच.

त्यानंतर चौदा वर्षं तो कुठेच जिंकला नाही.
कुणी म्हणालं नशीब. कुणी म्हणालं, पाऊस जिंकला.
खोटं बोलत नव्हते लोक.
पण पाऊस सगळ्यांवरच पडला होता.
मग कंबर गेली, आणि पुन्हा बस.
पोरं मागच्या बाकावरून ओरडायची, चॅम्पियन, खड्डा!
तो खड्डा चुकवायचा, बहुतेकदा.
मी एकदाच विचारलं, कसं वाटलं होतं तेव्हा?
त्यानं गिअर बदलला.
म्हणाला, मोजे ओले होते.

गावात आता खरं गवत आहे, पाणी फवारणारं यंत्र आहे.
गालिचा कुठे गेला कुणाला ठाऊक.
एमिल गेला तेव्हा तालुक्याच्या पेपरात चार ओळी,
त्यातली एक बसबद्दल.

गेल्या साली मी तो कप बघायला गेलो.
संग्रहालयात, काचेमागे, पट्ट्यांवर पट्ट्या, नावांवर नावं.
गुडघा टेकावा लागला. तळाकडून तिसरी ओळ.
आसपास कुणी नव्हतं.
मी तोंड काचेला लावलं आणि सोडला,
त्याची आई सांगायची तसा.
नावाच्या अगदी आधी एक धुकट ठिपका उमटला,
मिटायला लागला.

मागून रखवालदार म्हणाला,
काचेपासून जरा लांब.