समुद्रसपाटीपासून

नववीचा वर्ग, मराठी माध्यम, मुलं अकरा.
बडोद्यात आता एवढीच उरतात.
नकाशा टांगते, खिळा हलतो,
हॉलंड जरासं कलतं.

हा देश समुद्राच्या खाली आहे.
म्हणजे कसा, बाई?
म्हणजे आपण न्हाणीत बसलोय
आणि भरलेली बादली
डोक्यावरच्या फळीवर ठेवलीय.
बांध फुटला तर कॅथलिकाचं घर, प्रोटेस्टंटाचं घर
एकाच रात्री बुडणार.
म्हणून फावडं धरणाऱ्याला
फार चौकशा करत नसत.
प्रार्थना करा, म्हणायचे, पण वर, माळ्यावर.
रस्त्यावरून घर घरासारखंच दिसू द्या.

मग तीच माणसं जहाजं घेऊन निघाली.
मॅनहटनच्या खाडीत त्यांनी कातडी मोजली,
सुरतेला तापीच्या काठी कापडाचे तागे.
गिऱ्हाईक कुणापुढे हात जोडतं
याला वहीत रकाना नव्हता.

इंग्रज दोन तऱ्हेचे.
(फळ्यावर दोन रेघा. खडू मोडतो.)
एक खडकाळ किनाऱ्यावर गेला, मायदेशी छळ सोसून,
आणि तिथे जो वेगळं बोलला
त्याला ऐन हिवाळ्यात गावाबाहेर काढून मोकळा झाला.
दुसरा मुंबईच्या दलदलीत उतरला.
ताप, डास, रोज एक खड्डा.
तो म्हणाला, या शेठ, आपापले देव घेऊन या,
गोदामं तेवढी बांधा.

पृथा शितोळेचा हात वर.
म्हणजे डच चांगले होते?

मला जायफळ आठवतं.
आपण श्रीखंडावर किसतो, ते.
ज्या बेटांवर ते उगवायचं
तिथे हीच माळ्यावर प्रार्थना करू देणारी माणसं गेली
आणि गावंच्या गावं रिकामी करून आली.
हे पुढच्या तासाला, म्हणते.
पुढच्या तासाला ऑफ आहे, मला माहीत असतं.

ज्या वर्षी विश्वामित्री चढली
आमच्या सोसायटीत पहिला मजला गेला.
पार्किंगच्या पत्र्यावर मगर.
मागच्या घरांतली रशीदा घडियाळी
दोन मुलं आणि स्टोव्ह घेऊन आमच्या गच्चीवर आली.
कुणी जिना अडवला नाही.
तीन रात्री एकच ताडपत्री,
एकच पातेलं, कुणाचं ते विचारलं नाही.
माझ्या नवऱ्याचं इन्सुलिन
तिच्या थर्मासात गार राहिलं,
बर्फ कुठून आणला तिनं, देव जाणे.
तिचा धाकटा म्हणाला, आमचं आडनाव घडियाळी,
मगर आमची पाहुणी.
सगळी गच्ची हसली. पाटकर तर खोकेपर्यंत हसले.

पाणी उतरलं.
गाळ काढला, रंग दिला, दोनशे तीन विकायला निघालं.
रशीदा पैसे घेऊन आली, टोकनसकट.
मीटिंगला नऊजण. फरसाण होतं.
मी विरोधात नव्हते.
मी मिनिट्स लिहीत होते.
कारण या रकान्यात लिहिलं: पार्किंगची अडचण.
माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात.
पाटकरांनी सही करताना माझ्याकडे पाहिलं नाही,
मी त्यांच्याकडे.
थर्मास अजून आमच्या फडताळात आहे.
परत द्यायला गेले तर काय बोलायचं,
एवढ्यावरच अडलंय.

बाई, बडोदं किती उंचीवर?
पृथा पुन्हा. ही मुलगी सोडत नाही.

पस्तीस-छत्तीस मीटर, मी म्हणते.
समुद्रसपाटीपासून वर.

म्हणजे आपल्याला बांध लागत नाही,
ती म्हणते,
आणि वहीत लिहून घेते,
खाली पट्टीने रेघ ओढते.