आठ महिने

कोराडीला सहा नंबरच्या युनिटवर
अठ्ठावीस वर्षं मी काटे पाहिले.
दोनशे दहा मेगावॅट. काटा थरथरला की
अर्ध्या विदर्भाचे पंखे माझ्या पोटात फिरायचे.

आता डावीकडे, गळ्याच्या हाडाखाली
काडेपेटीहून लहान डबी शिवलेली आहे,
आणि धंतोलीतल्या थंडगार खोलीत
तृप्ती निनावे नावाची पोरगी
मला विजेचा हिशेब सांगते:
"ठोका द्यायला फारसं लागत नाही, काका.
लागतं ते बोलायला."

म्हणून ही डबी दिवसभर गप्प असते.
मुकी नाही, गप्प.
रात्री दोनला एक कान किलकिला करते,
उशाशी ठेवलेला डबा जागा आहे का बघते,
असला तर जेवढं बदललं तेवढंच सांगते,
आणि पुन्हा झोपते.
डबा सापडला नाही तर हाका मारत बसत नाही.
दोनदा, तीनदा. मग उद्या.

मी विचारलं, रोजच्याऐवजी
हप्त्यातून एकदा बोलली तर?
तिने आकडे टाकले.
साधारण आठ महिने वाढतील.

रहाटे कॉलनीच्या सिग्नलवर, ऑटोत,
मी ते आठ महिने वाटून पाहिले:
एक दिवाळी, थोडी थंडी,
आणि एक अख्खा उन्हाळा, नागपूरचा,
सेहेचाळीस डिग्रीचा.
कोण मागतो तो?
मी मागतो.

घरी पुष्पकला कूलरमध्ये पाणी भरत होती.
तिला समजावलं, बोलणं महाग असतं,
शहाणं यंत्र कमी बोलतं,
काही कळलं नाही म्हणजे बरंच आहे समजायचं.
आणि ओघात बोलून गेलो,
आपला हेमराजही तसाच समज.
तिकडे हॉलंडला, महिन्यातून एक फोन.

तिने बादली खाली ठेवली.
"काहून? त्याची ब्याटरी का छातीत हाये?"

मला उत्तर आलं नाही.
कंट्रोल रूममध्ये फोन वाजला की ट्रिपिंगच असायचं.
न वाजणारा फोन हेच आमचं सुख.
ते मी शिफ्ट संपल्यावर घरी आणत राहिलो,
पोराच्या ताटात वाढत राहिलो.

रात्री दोनला जाग आली.
डब्यावरचा हिरवा दिवा हलला, किंवा मला वाटलं.
माझ्याबद्दल कुणीतरी कुणाला सांगत होतं
मला न उठवता.

मोबाइल उजव्या कानाला लावला,
डावा नको, तृप्तीने बजावलंय.
तिकडे साडेदहा झाले असतील.
तीन रिंगा.
"बाबा? काय झालं?"
"काही नाही. कालच्यासारखंच."

आणि फोन ठेवला नाही.
कूलरचं पाणी संपलं होतं,
त्याचा आवाज बदलला होता,
ते सांगितलं.