शनिवारचा ट्रॅक

पाथर्डी फाट्यावर, निकुंभ सरांच्या रो-हाउसच्या गच्चीवर
दर शनिवारी साडेआठला
माझा नवरा दारू पितो.
म्हणजे गाण्यात.
एरवी त्याला फ्रीजमधलं ताकसुद्धा चालत नाही,
घसा धरतो.

अंबडच्या कंपनीत तो एकोणीस वर्षं
दुसऱ्यांच्या रजा मोजतोय.
शनिवारी माइक हातात आला की
शाप देतो, मैफिली जाळतो,
कुण्या एकीच्या दारात मरून पडतो.
पडद्यावरची अक्षरं निळी होत जातात,
त्याच वेगाने तोही उद्ध्वस्त होत जातो.
मग ट्रॅक संपतो. बच्छाव टाळ्या वाजवतात.
पुढचा नंबर पतपेढीतल्या सोनजे मॅडमचा.
त्या डोळे मिटून कुणाला तरी
रात्रभर थांब म्हणतात,
आणि त्यांचे मिस्टर खाली जाऊन
गाडी वळवून ठेवतात.

दहाला बंद. कॉलनीचा नियम आहे.
जळून खाक झालेले सगळे
जिन्यात आपापल्या चपला शोधतात.

परतताना स्कूटरवर मी विचारते,
एवढं कोण सोडून गेलं होतं रे तुला?
तो म्हणतो, दुसऱ्या कडव्यात श्वास कमी पडला.
पुलाखाली वळताना इंडिकेटर देतो,
मागे कुत्रंही नसतं तरी.

मी गात नाही. त्या वहीत माझं नाव नाही.
मी मिक्सर लावते.
सकाळी सात. शेंगदाण्याच्या कुटाला
दोन मिनिटं पुरतात, मी चार लावते.
त्या आवाजाखाली जे म्हणते
त्याला चाल आहे, यमक नाही.
एका ओळीत सासूबाई आहेत, एकेरीत.
एकीत कुणाचे तरी ओले दंड,
गंगापूर धरणाच्या पाण्यातून वर येणारे.
कुणाचे ते मला माहीत आहे.
कुटाला तेल सुटतं.

परवा वीज गेली.
मिक्सर थांबला, मी नाही थांबले.
अख्खी ओळ ओट्यापाशी उभी राहिली,
झाकायला हाताशी ताटलीही नव्हती.
तो दारात होता, एक मोजा पायात, एक हातात.
खिडकीतून पांडवलेण्याच्या डोंगरावर ऊन दिसत होतं.
त्याने काही विचारलं नाही.
फक्त, खूप हळू, पट्टी बरोबर धरून
माझी ओळ परत म्हटली.
दंडांसकट.

तेवढ्यात वीज आली.
मिक्सर आपणहून सुरू झाला,
बटण मी बंद केलंच नव्हतं.