कडता

"नीरु कुडीरि," काउंटरवरची पोरगी म्हणाली,
मग माझ्या तोंडाकडे बघून, "पाणी प्या, काका.
टम्म झालं की सांगा."
शहापूरच्या त्या बोळात एका बाकावर
आम्ही पाचजण, साठीपुढचे, मांड्या आवळून.
एकानं फक्त विचारलं, "लागली?"
"लागली की वो. पण टम्म न्हवं अजून."

पोटावर थंड, चिकट काहीतरी.
"उसिरु हिडीरि." धरला श्वास.
डॉक्टर हंचिनमनी पडद्यावर ठिपका ठेवतात,
मग दुसरा, मधे तुटक रेघ.
राखाडी धुक्यात काळं तळं,
तळ्याच्या बुडाला वर रेटत बसलेला गोळा.
आडवा चार पॉइंट आठ. उभा चार पॉइंट चार.
खोली चार पॉइंट एक.

मी चाळीस वर्षं तोलार, रविवार पेठेत.
बटाट्याचं पोतं नुसतं कलतं करून आकडा सांगायचो,
काटा मागाहून येऊन मिळायचा.
म्हणून विचारलं, न उचलता
वजन कसं कळतं हो?

"तिन्ही मापं गुणायची. ते झालं खोकं.
माल गोल, कोपरे रिकामे.
म्हणून पुन्हा शून्य पॉइंट बावन्ननं गुणायचं.
निम्म्याच्या जरा वर."

कडता!
झोपल्या झोपल्याच ओरडलो.
मातीचा, ओलीचा, बारदानाचा,
जन्मभर लोकांच्या मालातून कापला,
आज माझ्यातून कापला जातोय.

"पंचेचाळीस ग्रॅम. अंदाजे हं.
दुसऱ्या हाताला बेचाळीस येईल, नाहीतर अठ्ठेचाळीस."
असू दे. एवढा पासंग कुठल्या काट्याला नसतो?

मोकळा होऊन आलो. पुन्हा ठिपके.
"नव्वद मिली राहिलंय आत."
पेढीवर शिल्लक निघाली की चहा सांगायचे.

पावती कन्नडात, रिपोर्ट इंग्रजीत.
घरी सुंद्राक्का म्हणाली, "पंचेचाळीस म्हणजे केवढं?"
टोपलीतला एक बटाटा तळहातावर दोनदा झेलला.
"एवढं."
"आणि असायला पाहिजे किती?"
त्याच्या निम्मा शोधत बसलो.
एवढा बारीक कोण विकत आणतंय.

रात्री तिसऱ्यांदा उठलो तर
स्वयंपाकघरात दिवा.
ओट्याशी ती, हातावर तोच बटाटा,
खाली-वर, खाली-वर.
"झोप की."
"तुम्ही जाऊन या," ती म्हणाली.
"मला तर हा चाळीसच वाटतोय."