मधला डबा

सावियो लोबो हातात फोन धरून
पडवीतून आत चालत गेला
आणि मोठ्याने आकडे सांगत राहिला.
मी ते जुन्या पंचांगाच्या पाठीवर लिहिले.
पडवी, उणे चाळीस.
माजघर, उणे साठ.
देवखोलीचं दार, उणे बहात्तर.
मग बाहेरून वळसा घालून मागची खोली,
जिथे मृणाल दिवसभर
कुठल्याशा परदेशी इस्पितळाची बिलं तपासते.
तिथे आकडाच नाही. नुसतं गोल फिरणारं चक्र.

चिऱ्यात लोखंड असतं, तो म्हणाला.
ते मला माहीत होतं, लाल रंग काय उगाच येतो?
पण दीड हात लाल रंग ज्याला ओलांडता येत नाही
अशा गोष्टीसाठी मी महिन्याला सातशे भरतो,
हे आजच कळलं.

याआधी एक स्वस्तातला आणला होता,
कुडाळच्या बाजारातून, दोन शिंगांचा.
याचं नाव वेगळं, त्याचं नाव वेगळं.
मृणाल मागे पोचायची
आणि तिचा फोन पडवीतल्यालाच धरून बसायचा,
एक काडी उरली तरी,
अर्धी उरली तरी,
उशाशी दुसरा भरलेला उभा असताना.
मूर्ख आहे, मी म्हणालो.
बायकोने माझ्याकडे फक्त पाहिलं.
छपरावरून वायर टाकली, ती माकडांनी दोनदा तोडली.

आता हे तीन पांढरे डबे, साबणाच्या वडीएवढे.
तिघांचं मिळून नाव एकच.
मी म्हटलं, एक मृणालच्या टेबलावर, एक पडवीत,
तिसरा राहू दे कपाटात.
सावियो हसला.
‘काकानू, जंय सिग्नल मेलो
थंय ठेवल्यात तर ह्यो पण मरतलो.
जंय अर्धो जितो आसा, थंय ठेवूचो.’
आणि त्याने पंचांगावर रेघ ओढली,
पडवीपासून मागच्या खोलीपर्यंत,
मधोमध फुली मारली.

फुली बाबलच्या कोठीत पडली.

वाटणीत मधलं त्याच्याकडे गेलं,
पुढचं नि मागचं आमच्याकडे.
बाबल म्हणजे माझा चुलतभाऊ.
अकरा वर्षं झाली.
दोन कलमांचा दावा अजून वेंगुर्ल्याच्या कोर्टात आहे,
तारीख आली की आम्ही एकाच एसटीने जातो,
तो पुढच्या दाराशी, मी मागे.

विचारायला मी गेलो नाही.
मृणाल गेली, अनवाणी, डबा पदराआड वगैरे न लपवता.
पाच मिनिटांत परत आली.
ठेव म्हणाली काकी.
तांदळाच्या पिंपावर जागा केली.
पासवर्ड मागितला, आणि विजेचे महिन्याला वीस रुपये.
झिरोच्या बल्बापेक्षा कमी खातो हो, सावियो कळवळला.
मी तीन महिन्यांचे साठ आगाऊ पाठवले.

मागच्या खोलीत उणे अठ्ठावन्न.
मृणाल बोलत बोलत माजघरातून निघते,
विहिरीकडून वळते, आपल्या खोलीत शिरते,
आणि पलीकडच्या माणसाला
ती भिंत कधी ओलांडली ते कळतही नाही.
कोठीत बाबलचा धाकटा बुद्धिबळ खेळतो.
त्याने चाल घेतली की भिंतीतून ‘टक्’ ऐकू येतं.
की पाल असेल.
खाऱ्या वाऱ्याने पिनांवर हिरवट गंज चढतो,
तो महिन्यातून एकदा पुसायचा, असं ठरलंय.
कुणी, ते ठरलेलं नाही.

परवा नवरात्राआधीचं आभाळ भरून आलं.
समुद्रावर एक लखलखाट झाला
आणि भिंतीपलीकडून सुलूचा आवाज आला,
माझ्या घराला उद्देशून, थेट:
‘भावोजीनू, वीज चमकता! काढतंय हां!’

काढ, मी म्हणालो.
बहुतेक फार हळू म्हणालो.
मग पुन्हा, मोठ्याने.

पडवीतल्या डब्यावरचा दिवा लाल झाला.
मागून मृणालची हाक आली, गेलं का?
मी काही बोललो नाही.
गडगडाट मोचेमाडच्या खाडीवरून
रेडीच्या अंगाला सरकेपर्यंत
मी खुर्ची ओढून दिव्यासमोर बसून राहिलो,
तिने पुन्हा कधी लावला
ते आवाजावरून कळतं का बघत.