सातवा रकाना

निमाणीहून बसने म्हसरूळपर्यंत,
पुढे पायी, बोरगड समोर ठेवून.
दोन्ही अंगांना द्राक्षबागा, त्यांच्यावर जाळ्या,
आणि जाळ्यांत जे जे म्हणून अडकतं
ते ज्या पत्र्याच्या फाटकाआड आणतात
तिथं माझा पहिला दिवस.

बेंडकोळी मावशींनी आधी बांगड्या उतरवायला लावल्या.
मग विचारलं, अत्तर लावलंय का?
थोडं.
धुऊन ये.
मग माझं नाव विचारलं, आणि लगेच विसरल्या.
इथं कुणाला नावं ठेवत नाही आपण, म्हणाल्या,
ठेवली की हाका माराव्याशा वाटतात.
आमच्या कळवणला लोक दुसरं करतात काय,
नावं ठेवण्याशिवाय!
मला ती जागा तिथंच आवडली.

कुरवाळायला म्हणून आणलेले माझे दोन्ही हात
दुपारपर्यंत घमेली घासत होते,
कोंबडीच्या माना तोलून वाटण्या करत होते.
घुबडाच्या पिंजऱ्यात एक राखाडी गोळी सापडली, ओकून टाकलेली.
फोडली तर आत उंदराचा जबडा,
नखाएवढा, सगळे दात जागेवर.
तो मी खिशात टाकला.
कुणाला सांगितलं नाही.

रजिस्टरला सात रकाने.
क्रमांक, जात (इथं फक्त जनावरांची),
कुठून आलं, वजन, खाल्लं किती, जखम.
सातवा मागाहून ओढलेला, पट्टीशिवाय, मावशींच्या अक्षरात:
माणसाला घाबरतं का?

गव्हाणी घुबड: हो, फिसकारतं.
उदमांजर: हो, डॉक्टरांना दोनदा चावलं.
नंबर बावीस, कोल्ह्याचं पिल्लू, दिंडोरीकडून:
नाही.
खाली नाही, त्याखाली नाही,
अकरा दिवस लाल शाईत
नाही.

प्रेमळच असणार ते घर.
दुधाची बशी, चहात बुडवलेली बिस्किटं,
पोरांच्या गोधडीत झोप,
आणि दृष्ट लागू नये म्हणून गळ्यात काळा दोरा.
दोरा मावशींनी कापला,
पण त्या रेघेवर केस अजून उगवायचे होते.

मला दिली स्टीलची थाळी आणि एक पळी.
ते जवळ आलं की वाजव.

मला?
वर्गात हजेरीला "हजर" म्हणताना जिच्या घशाला कोरड पडते,
जिला आई दवाखान्यात घेऊन गेली होती,
माणसांना फार घाबरते हो ही,
आणि डॉक्टर म्हणाले होते, जाईल वयानं.

ते आलं.
नुसती शेपूट नव्हे, अख्खं अंग हलवत.
मी वाजवली.
त्याला वाटलं, जेवण.
थाळीच चाटायला निघालं.

अजून जोरात.

मी जोरात वाजवली. ते बसलं, मान तिरकी करून,
हा कुठला नवा खेळ म्हणून.

पाय आपट. ओरड.

काय ओरडू, मावशी?
काहीही. तुझ्या मनातलं.

मनातलं म्हणजे बरंच होतं.
ते कुठून वर आलं, कुणाकुणाच्या नावचं होतं, ठाऊक नाही,
पण शेजारच्या बागेतल्या साळुंक्या उडाल्या
आणि बावीस नंबर भिंतीला टेकला,
कान मागे, शेपूट पोटाखाली,
माझ्याकडे बघत.

बघू नकोस त्याच्याकडे, मावशी म्हणाल्या.
डोळ्यांनी माफी मागतेयस. त्याला कळतं.

संध्याकाळी पेन घेऊन बसले.
सातव्या रकान्यात लिहिलं: थोडंसं.
मावशींनी वाचलं,
शाई निळी वापरलीय हेही पाहिलं,
आणि काही न बोलता पान उलटलं.

परतताना बसमध्ये शेजारची जागा
पंचवटीपर्यंत रिकामीच राहिली. अंगाला वास असणार.
होस्टेलवर रात्री मेसमध्ये कुणाची तरी थाळी पडली,
सगळ्या हसल्या,
मी मात्र घास तसाच धरून दाराकडे पाहिलं,
कोण पळालं ते.

उद्या साडेसातला.
उजवं मनगट ठणकतंय.
उशीखाली जबडा आहे,
सगळे दात जागेवर.