चार किलोमीटर

दार-एस-सलामच्या गोदीत चावी हातात पडते तेव्हा
मीटरवर एकोणीस किलोमीटर असतात.
जहाजातून उतरवणाऱ्याचे, यार्डात रांगेला लावणाऱ्याचे,
आणि कुण्या पोराने हौसेने मारलेल्या एका चकरेचे.
तिथून पुढचे सगळे माझे.
म्हणजे माझ्या सहीचे.

सीटचं प्लास्टिक फाडायचं नाही.
कॅबमध्ये खायचं नाही.
रेडिओच्या वायरला हात लावायचा नाही.
वाटेत कुणालाही, अगदी पाद्र्यालाही, वर घ्यायचं नाही.
ओरखडा गेला तर पगारातून.

मागे ओझं नसतं, म्हणून रिकामी चेसिस
खड्ड्याखड्ड्यावर करडासारखी उधळते
आणि येऊन आदळते माझ्या मणक्यात.
बावीस वर्षं झाली.
डॉक्टर म्हणाला, भरलेली गाडी चालव.
मी म्हटलं, भरलेल्या गाडीला मालक असतो.

मिकुमीला हत्ती रस्ता ओलांडतात.
जुन्या ट्रककडे ते बघतही नाहीत.
नव्यापाशी एखादी म्हातारी थबकते, सोंड उचलून हुंगते:
ना माशाचा वास, ना सिमेंटचा, ना माणसाचा.
मग निघून जाते, जणू दारावरची पाटीच कोरी होती.

कितोंगाचा घाट. दुसरा गिअर.
वळणाखाली जळालेलं एक धूड.
तेही कुणीतरी प्लास्टिक न फाडता
मालकाच्या दारात नेऊन उभं केलं असेल.
मीच असेन कदाचित.
मी वाकून नंबर वाचत नाही.

उयोलेला रस्त्याच्या कडेला तुसेकिले बटाटे विकते.
इतक्या वर्षांत तिने कधी काही मागितलं नाही.
परवा मी हॉर्न दिला, तर उठून आली,
ओल्या हातांनी दारापाशी उभी राहिली
आणि म्हणाली, "एकदा बसू?"

मी रस्त्याकडे पाहिलं. मागे पाहिलं.
तिने डोक्याचा खांगा सोडून सीटवर अंथरला,
पायातल्या चपला काढून मांडीवर घेतल्या.
पेट्रोल पंपापर्यंत दोन किलोमीटर.
तिथून परत दोन.
तिने कशाला हात लावला नाही.
जाताना बोलली नाही.
येताना एवढंच म्हणाली,
"इथून आपलं घर केवढंसं दिसतं रे."
आणि थोड्या वेळाने,
"तू रोज हे बघतोस?"

तुंडुमाच्या सीमेवर पाच दिवस रांगेत.
चाकाखालच्या सावलीत झोपलो, नियम नियम असतो.
कॅबचं दार उघडलं की
नव्या रबराच्या वासात
कुठेतरी बटाट्याची माती यायची.
की मलाच वाटायचं.

लुबुंबाशीला मादाम मुजिंगा
चष्मा लावून मीटर वाचतात.
बोटांवर मोजतात, पुन्हा मोजतात.
"म्वाकालिंगा, चार किलोमीटर जास्त?"
मी म्हटलं, "रस्ता चुकलो."

यार्डातले दोघेतिघे हसले.
इथवर एकच रस्ता येतो, हे त्यांना ठाऊक होतं.
बाईंनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ.
मग कागदावर लिहिलं: रस्ता चुकला.
चार किलोमीटरचं डिझेल कापलं.
मी खाली सही केली.
एवढ्या स्वस्तात मी आयुष्यात काही घेतलेलं नाही.

परतीची बस. खिडकीची जागा.
समोरून येणारे ट्रक एकामागून एक,
कुणाच्या कपाळावर देवाचं नाव, कुणाच्या बायकोचं,
दरवाजे पोचलेले, ताडपत्र्या फडफडणाऱ्या.
यातले किती मी कोरे पाहिलेत.
एकही ओळख देत नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा पांढरा ट्रक, मीटरवर एकवीस.
उयोले आलं की मी वेग कमी करतो.
ती मान वर करत नाही, गिऱ्हाइकाचे बटाटे मोजत असते,
मोजता मोजता एक हात उचलते,
कॅबच्या खिडकीइतका उंच,
तिला आता उंची ठाऊक आहे.